दोन फुटांची ‘विक्रांत’

वयाची पन्नाशी उलटल्यावर माणसाने खेळणी करीत बसावे काय, असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी विचारला, तेव्हा आमच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात साडेतीन सेंटिमीटर लांबीचे विमान होते. उत्तर देण्यासाठी तोंड उघडावे, तर श्वासानेच विमान उडून जायचे! म्हणून आम्ही गप्प राहिलो. ते राहिलेले उत्तर आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या वडिलांनी, म्हणजे बाबांनी, सारी हयात मुंबईच्या नौदल गोदीत बॉयलरच्या कामावर घालवली. पहाटेची गाडी वसईला पकडायची, चर्चगेटला उतरायचे आणि पायी लायन गेट गाठायचे, हा त्यांचा नेम. घरी आल्यावर कामाविषयी अवाक्षर काढायचे नाहीत. ‘विक्रांत’ हे नाव मात्र आम्ही बाराखडीच्याही आधी शिकलो. २०१४ साली ती जुनी युद्धनौका मोडीत निघाली आणि दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. ती बातमी आम्ही बाबांना वाचून दाखवली. ते नुसते ‘हं’ म्हणाले आणि त्यांनी रेडिओ बंद केला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तिची प्रतिकृती करायची, हा निश्चय आम्ही त्या रात्री केला. तो अमलात यायला मात्र पुढे कित्येक वर्षे लागली, कारण निश्चय रात्रीत होतो, सवड निवृत्तीच्या आसपासच मिळते.

या नौकेची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, इंग्लंडमध्ये टाईन नदीकाठच्या कारखान्यात ‘हर्क्युलिस’ या नावाने तिची बांधणी सुरू झाली. १९४५ च्या सप्टेंबरात ती पाण्यात उतरली, तोवर युद्धच संपले होते. मग ती अर्धवट अवस्थेत पडून राहिली. १९५७ साली भारताने तिला विकत घेतले, बेलफास्ट येथे पूर्ण करून घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती ‘विक्रांत’ झाली. ज्या युद्धासाठी तिचा सांगाडा उभा राहिला ते तिने पाहिले नाही. तिच्या वाट्याचे युद्ध २६ वर्षे पुढे, बंगालच्या उपसागरात वाट पाहत होते.

आम्ही १:३५० हे प्रमाण धरले. नौकेची लांबी ७०० फूट, म्हणजे आमची ‘विक्रांत’ बरोबर दोन फुटांची. शिवणीच्या फळ्या एकीवर एक चिकटवून आम्ही तिचे अंग कोरून काढले आणि वर प्लायवूडचे धावपट्टीचे छत बसवले. बाकीचा माल घरातूनच उचलला. गाळणीच्या जाळीचे रडार झाले, इंजेक्शनच्या सुयांच्या तोफा झाल्या आणि विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तंतूंचे कठडे झाले. उतरणारे विमान अडवणाऱ्या पोलादी दोरांसाठी शिवणाचा दोरा कामी आला. सी हॉक विमाने आम्ही पुठ्ठ्याचे थर चिकटवून घासून काढली. काहींचे पंख मिटलेले, काहींचे पसरलेले. अलिझे या फ्रेंच विमानांचे पंखे करताना मात्र आमचे डोळे आणि सौभाग्यवतींचा संयम, दोन्ही एकदमच दुखू लागले. डेकवरचा माणूस या प्रमाणात तांदळाच्या दाण्याएवढा होतो. असे चाळीस दाणे आम्ही रंगवले. नाताळात गोठा सजवताना मेंढरे रंगवण्याचा लहानपणीचा सराव असा उपयोगी पडला.

सात महिन्यांनी नौका उभी राहिली. काचबिंदूने बाबांची दृष्टी आता फारच मंदावली आहे. आम्ही ती त्यांच्यापुढे मेजावर ठेवली आणि त्यांचा हात धरून तिच्यावर नेला. त्यांची बोटे पाठीमागून पुढे सरकू लागली. चिमणी ओळखली, डोलकाठी ओळखली, विमानांचे मिटलेले पंख चाचपून ते हसले. बोटे नाळेपाशी पोहोचली आणि थांबली.

“हा उंचवटा कसला?”

आम्ही म्हणालो, “स्की-जंप, बाबा. विमाने उडवायची चढण.”

“मग ही आमची विक्रांत नव्हे,” ते म्हणाले आणि त्यांनी हात मागे घेतला.

चूक आमचीच होती. २००१ ते २०१२ या काळात ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तेव्हा काढलेल्या छायाचित्रांवर विसंबून आम्ही नाळ घडवली. परंतु ती चढण बसवली गेली १९८० नंतरच्या दशकात, सी हॅरियर विमानांसाठी. १९७१ साली नाळ सपाट होती आणि विमाने वाफेच्या कॅटापुल्टने फेकली जात. आम्ही एका काळाची विमाने दुसऱ्या काळाच्या डेकवर उभी केली होती. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तरुणपणाच्या मिशा काढाव्यात, तसेच ते झाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही करवत घेतली. नाळ कापताना बाबा शेजारी खुर्चीवर बसून होते. ते कान देऊन करवतीचा आवाज ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारले, “आत काय आहे रे?”

“लाकूड. भरीव आहे.”

“म्हणजे बॉयलर नाहीत.”

एवढे बोलून ते काही वेळ स्वस्थ बसले आणि मग, आमच्या उभ्या आयुष्यात प्रथमच, गोदीविषयी बोलू लागले. १९७० साली बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना तडे गेल्याचे आढळले. वेल्डिंगने ते बुजण्यासारखे नव्हते. नवे ड्रम इंग्लंडहून यायचे होते आणि युद्धाचे ढग तर डोक्यावर आलेले. “बॉयलर एक, पण कामे दोन,” बाबा म्हणाले. त्याच वाफेवर नौकेचे पंखे फिरतात आणि त्याच वाफेवर कॅटापुल्ट विमान फेकतो. विमान उडवताना नौकेला वाऱ्याच्या रोखाने वेगाने धावावे लागते, म्हणजे पंखांखाली पुरेसा वारा मिळतो. वाफेचा दाब कमी ठेवला, तर नौकाही मंद आणि झेपही अपुरी. तळघरातला केसाएवढा तडा असा थेट विमानाच्या पंखापर्यंत पोहोचतो! शेवटी १९७१ च्या मार्चात कमी दाबावर बॉयलर पेटवून चाचण्या झाल्या आणि त्याच दुखऱ्या छातीने ती पूर्वेकडे गेली. ४ डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी सकाळी कॉक्स बाजारवर आणि दुपारी चितगावावर हल्ला चढवला.

“लोक नाचत होते,” बाबा म्हणाले. “मी रेडिओला कान लावून एकच ऐकत होतो, कुठे स्फोटाची बातमी येते का. वैमानिक वर होते. आपली माणसे खाली आगीजवळ होती. आणि त्या ड्रमावरून माझा हात फिरलेला होता.”

आम्हास एकाएकी उमगले. त्या दिवसांत घरी आलेले बाबा आमच्या आईशीही का बोलत नसत, याचा उलगडा पन्नासहून अधिक वर्षांनी झाला. आम्ही मात्र डेकवरची प्रत्येक दोरी मोजून लावली होती आणि ज्या भागात वडिलांचे आयुष्य गेले, तेथे भरीव लाकूड ठेवून मोकळे झालो होतो.

नवी सपाट नाळ बसवण्याआधी आम्ही डेक उचकटला, मधले लाकूड पटाशीने कोरून काढले आणि पितळी नळीचे चार तुकडे कापून त्या पोकळीत बसवले. चार बॉयलर. बाबांनी त्यातला एक मागून घेतला, हातात फिरवला आणि टोच्याने त्यावर एक बारीक रेघ ओढली. रेघ सरळ आली नाही. तुकडा परत देताना ते म्हणाले, “आता लाव झाकण.”

आज ती नौका दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे. २०२२ साली नवी ‘विक्रांत’ कोची येथे समारंभपूर्वक नौदलात सामील झाली, ती याच प्रमाणात केली, तर पाऊण मीटरची होईल. आमचा नातू ती करा म्हणून मागे लागला आहे. पाहुणे येतात, विमाने मोजतात, तांदळाएवढ्या माणसांचे कौतुक करतात. आत काय आहे, असे अद्याप कोणी विचारलेले नाही. बाबा जवळच बसलेले असतात. कोणी विमानांची फार स्तुती करू लागले, की ते आमच्या दिशेने मान वळवतात आणि किंचित हसतात.