यजमान आणि ‘दान्ना’

“तुमचे यजमान घरी आहेत का?” असं दारात कुणी विचारलं, की आपण “हे बाहेर गेलेत” म्हणून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, यजमान म्हणजे मुळात यज्ञ करवणारा, त्याचा खर्च सोसणारा, बरं का!

पुण्यात जपानी शिकणारी माझी भाची दिवाळीत आमच्याकडे मंचरला आली होती. तिला घेऊन नारायणगाव, जुन्नर करत लेण्याद्रीला गेले. पायऱ्या तीनशेच्या आसपास. दम खात चढा आणि पिशवी माकडांपासून सांभाळा. गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे सातवं लेणं, मूळचा बौद्ध विहार. शेजारी सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. कल्याणच्या सुलसदत्तानं ते दिल्याचा ब्राह्मी लेख तिथं आहे. दानाला त्यात शब्द आहे ‘देयधम’.

“मावशी, जपानीत नवऱ्याला ‘दान्ना’ म्हणतात. तो शब्द आपल्या ‘दान’वरूनच आलाय,” भाची म्हणाली. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानात गेला. आधी मठाला दान देणारा, मग आश्रयदाता, मग घरधनी आणि शेवटी नवरा!

वापर मात्र जपून करायचा. मैत्रिणींच्या गप्पांत आपला तो नुसता ‘दान्ना’. दुसरीचा असेल तर ‘दान्ना-सान’, अधिक अदबीनं ‘दान्ना-सामा’. चारचौघांत औपचारिक बोलताना आपला ‘शुजिन’, तिचा ‘गोशुजिन’. शुजिन म्हणजे चक्क धनी! घरच्या माणसाला परक्यापुढे आदरार्थी जोड लावायची नाही, ही त्यांची रीत. आपलं उलटच, शेजारणीपुढेसुद्धा ‘हे आले, हे जेवले’. हल्ली बऱ्याच जपानी बायकांना ‘धनी’ नको वाटतो; त्या साधं ‘ओत्तो’, म्हणजे पती, म्हणतात. मला तर ते फार पटलं.

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. लेण्याद्रीला दान, तर इथं यज्ञ! सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणेतल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची यादीच आहे. मागच्या भिंतीवरच्या मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. वरची नावं मात्र टिकली आहेत: ‘देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि’. राणीचं नाव आधी, आणि लगेच नवऱ्याचं, उखाण्याबिखाण्याशिवाय!

भर पावसाळ्यात धुक्यानं तिथं काही दिसत नाही. पाऊस ओसरल्यावर जा, आणि डबा-पाणी बरोबर घ्या.