पुन्हा पहिल्यापासून

परवा रात्री झोप येईना म्हणून १८९५ सालचा एक जर्मन मूकपट पाहिला. ‘इटालियन शेतकरी नृत्य’. एक मुलगा, एक मुलगी, थोडं नाचणं, आणि संपलंच की! माक्स आणि एमिल स्क्लाडानोव्स्की या भावांनी १ नोव्हेंबर १८९५ ला बर्लिनच्या विंटरगार्टनमध्ये हा दाखवला, तिकीट लावून. ल्युमिएर बंधूंचा पॅरिसचा खेळ २८ डिसेंबरचा, पण १८९६ मध्ये मुंबईत आले ते ल्युमिएरचे चित्रपट, म्हणून आपल्याला तेच ठाऊक. असो.

स्क्लाडानोव्स्कींच्या यंत्रात फिल्मच्या दोन पट्ट्या. एक चित्र हिच्यावरचं, पुढचं तिच्यावरचं, असं आळीपाळीने. पट्ट्या इतक्या तोकड्या, की टोकं जोडून त्याच फिरवायच्या. पोरं दमायच्या आत नाच पुन्हा पहिल्यापासून!

लेकीचा दुसरीतला गॅदरिंगचा नाच माझ्याकडे आहे, अकरा सेकंद. ऐन वेळी फोनची मेमरी भरली. आता ती नववीत, नाचाचं नाव काढलं तरी दार लावून घेते. ते अकरा सेकंद मी किती वेळा लावते, हे तिला माहीत नाही.

काल तिला बर्लिनची पोरं दाखवली.

"आई, पुढे?"

"पुढे काही नाही गं, परत तेच."

"मग लाव ना परत."