मॅरेथॉन, गोल्फ आणि जास्तीचं पाणी

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या निमित्ताने आम्ही पुणेकर दोन दिवस सुट्टी काढतो. शनिवारी चेंबूरला मित्रांबरोबर गोल्फ. हा व्यायाम आहे का, असं पेशंट विचारतात. अठरा होल पायी खेळलात तर सात-आठ किलोमीटर सहज होतात. गाडीत बसून फिरलात तर त्या नुसत्या गप्पा!

रविवारी पेडर रोडच्या चढावर मुलीची आणि धाकट्या भावाची वाट पाहत होतो. भाऊ आला तो चेहरा सुजलेला, अंगठी बोटात रुतलेली. "दादा, प्रत्येक टेबलावर पाणी प्यायलोय, तरी मळमळतंय." लोक प्रेमाने आणखी बाटल्या पुढे करत होते. मी त्या बाजूला सारल्या.

तासन् तास धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं. ते फार घसरलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात. अशा वेळी आणखी पाणी पाजणं धोक्याचं. म्हणून धावपटूंनो, तहान लागेल तेवढंच प्या.

त्याला तिथेच थांबवून रुग्णालयात नेलं. सोडियम १२८ निघालं. किमान १३५ हवं. संध्याकाळपर्यंत तो सावरला.

पदक मुलीने आणलं. भाऊ मात्र खालापूर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. वर्षभर पहाटे उठून तयारी केली होती त्याने.