बाप्पा निघाले, रेडिओ अडला!

पेणचे बाप्पा दरवर्षी परदेशी जातात. त्यांना कुणी फ्रिक्वेन्सी विचारत नाही. रोह्याच्या माझ्या मामेभावाच्या रेडिओला मात्र विचारली! रेडिओ आपल्याकडच्या विनापरवाना ८६५-८६८ मेगाहर्ट्‌झवर चालणारा, ऑर्डर अमेरिकेची. तिथे त्या जवळपासची मोकळी पट्टी ९०२ ते ९२८. म्हणजे रेडिओ पार्ट बदला, लॅबमध्ये टेस्ट करा, मग एफसीसीचं सर्टिफिकेट. तोवर ऑर्डर गेली. मामीने बांगड्या मोडून दिलेले पैसेही गेले. ‘बिनधास्त घे रे ऑर्डर,’ असं सांगणारा मीच होतो. परवा तोंड लपवतच रोह्याला गेलो. पठ्ठ्या सोल्डरिंग करत बसलेला. म्हणाला, ‘दादा, या वेळी आधी त्यांचा नियम वाचलाय.’ भिंतीवर खडूने लिहिलं होतं, ९१५.