टॉकबॅकवरचे आवाज

नांदेडहून पत्रकारितेची पदवी घेऊन मी दिल्लीला आले ती बातमीदार व्हायला. नोएडाच्या फिल्म सिटीत, सेक्टर १६-एमध्ये, एका वृत्तवाहिनीने ट्रेनी म्हणून घेतलं आणि थेट फ्लोअरवर पाठवलं. फ्लोअर म्हणजे कॅमेरे, दिवे आणि अँकरचं टेबल असलेला स्टुडिओ. पलीकडच्या खोलीत पीसीआर: प्रोड्युसर, स्विचरवाला, ऑडिओवाला, ग्राफिक्सवाले. मधला दुवा एकच, कानातला टॉकबॅक.

शिक्षण झालं ते या कानावर. "दोन नंबर टाइट", "पॅकेजचे वीस सेकंद उरले", "गेस्ट बसले का?" असं सगळं एकदम ऐकू येतं. त्यातलं आपलं वाक्य उचलायचं आणि बाकीच्यांवरही कान ठेवायचा, कारण मिनिटाभराने तेच लागणार असतं. पॅकेज म्हणजे आधी तयार केलेली चित्रित बातमी; ती संपत आली की दहापासून उलटी मोजणी सुरू होते. शेवटचे आकडे बोटांनी दाखवायचे, कारण अँकरचा माइक कुठल्याही क्षणी उघडतो.

आमचे फ्लोअर मॅनेजर बिहारचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. कॅमेऱ्याच्या आधी त्यांनी मला केबल गुंडाळायला शिकवलं. एक वेढा सुलटा, पुढचा उलटा, म्हणजे पीळ बसत नाही आणि फेकली की गाठ न पडता उलगडते. कोपराभोवती गुंडाळलेली केबल दिसली की ते न बोलता सोडवून पुन्हा हातात देत.

लेपल माइक लावणं त्याहून नाजूक. पाहुण्या बाई साडीत असल्या तर क्लिप पदराच्या काठाला, वायर पदराआड, ट्रान्समीटर कमरेला मागे. मंगळसूत्र माइकला घासलं तर खरखर घरोघरी पोचते. आधी विचारायचं, "मॅडम, माइक लगा दूँ?" आणि होकार आल्यावरच हात पुढे करायचा. ही गोष्ट प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या आठवड्यात शिकवली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उपग्रहावरून बोलणाऱ्या पाहुण्यालाही आधी सांगून ठेवावं लागतं. सिग्नल सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली येतो, त्यात पाव सेकंद जातो. प्रश्न उशिरा पोचतो, उत्तर आणखी उशिरा. हे ठाऊक नसलं की दोघं एकमेकांना तोडत राहतात.

भारतात दूरचित्रवाणी सुरू झाली ती दिल्लीतच, १५ सप्टेंबर १९५९ला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला टीव्ही प्रशिक्षण विभागही आधी दिल्लीत होता, तो १९७४ला पुण्याला गेला. म्हणजे शिकायची सोय माझ्या राज्यात आली होती, पण चोवीस तास बातम्या देणाऱ्या हिंदी वाहिन्यांचं काम नोएडात होतं.

ट्रेनी असताना मला पगार नव्हता. खोलीचं भाडं बाबा पाठवत. ज्यांना घरून पैसे येत नव्हते, ते अर्ध्यातून परत गेले. त्यातल्या एका मुलाची उलटी मोजणी आम्हा सगळ्यांपेक्षा अचूक असायची. गुरुजींनी त्याला थांबवायचा खूप प्रयत्न केला. आता मी दुसऱ्या वाहिनीत नव्या मुलांना फ्लोअर शिकवते. भाडं आणि जेवण निघेल एवढा भत्ता ट्रेनींना मिळावा, अशी मागणी दर बॅचच्या आधी लेखी देते. यंदाही दिली आहे.