चौघांचं तंजावर

निवांत प्रवासाचं हल्ली फार कौतुक होतं. एकाच गावात आठवडाभर राहावं, एकाच देवळात तासन्‌तास बसावं. ते सुख मलाही ठाऊक आहे. पण मित्रमैत्रिणींबरोबर पहाटे बाहेर पडून रात्री पाय ओढत खोलीवर परतायचं, अशा दिवसाला कोणी वरवरचं पाहणं म्हटलं की मला ते पटत नाही. माझ्या एकटीच्या डोळ्यांना आठवड्यातही दिसलं नसतं, ते तंजावरात आम्हा चौघांना एका दिवसात दिसलं.

सुरुवात बृहदीश्वराच्या देवळापासून करायची हे ठरलेलंच होतं. तिकडची देवळं दुपारी बंद होतात आणि ऊन चढलं की फरसबंदी अनवाणी पायांना सोसत नाही. दोन गोपुरं ओलांडली की मोठ्या मोकळ्या पटांगणात राजराज चोळाचं विमान समोर उभं राहतं. १०१० साली पुरं झालेलं, तेरा मजल्यांचं, साठ मीटरहून उंच, आणि सगळं ग्रॅनाइटचं. गावाभोवती पाहावं तर कावेरीचा गाळ आणि भातखाचरं. एवढा दगड लांबून आणून एवढ्या उंच चढवणाऱ्या हातांचा विचार करताना बोलणं सुचत नाही. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं जो तो सांगतो. पडते. आम्ही तिच्यातच बसलो होतो.

आमच्यातली भरतनाट्यम शिकलेली मैत्रीण मात्र वर बघतच नव्हती. ती जोत्यालगत, तमिळ अक्षरांच्या ओळींबरोबर चालत होती. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावं या भिंतींवर कोरलेली आहेत. कोण कुठल्या आळीतल्या कितव्या घरात राहायची, हेही आहे. तिला तमिळ वाचता येत नाही. तरी ती एकही भिंत सोडेना. "या माझ्या थोरल्या बहिणी," एवढंच म्हणाली, आणि मग त्या दगडाकडे बघायची माझीही रीत बदलली.

नैर्ऋत्येच्या भिंतीशी इतिहासवेडा मित्र आमची वाट बघत थांबला होता. तिथे भोसले घराण्याची हकिकत मराठीत कोरलेली आहे. सरफोजीराजांचे चिटणीस बाबूराव यांनी ती १८०३ साली लिहिली. सकाळपासून नुसती नक्षी वाटणारी अक्षरं बघून बघून डोळे सरावले होते, आणि आता एकदम ओळी वाचता यायला लागल्या! मित्र अडखळत मोठ्याने वाचू लागला. शहाजीराजे, एकोजीराजे... शाळेच्या सहलीला आलेली काही तमिळ पोरं थांबून ऐकत राहिली. एकोजींनी १६७६च्या सुमारास इथे बसवलेलं राज्य १८५५ला इंग्रजांच्या कंपनीने खालसा केलं. पण इथल्या कितीतरी घरांत मराठी अजून बोलली जाते, आणि ही भिंत तर उन्हापावसात उभीच आहे.

तिथून रिक्षाने राजवाड्यात. दरबार हॉलचे रंगीत खांब घाईघाईत पाहिले आणि कलादालनात शिरलो. तिथे मात्र घड्याळ विसरावं लागलं.

तिरुवेंकाडूला सापडलेला वृषभवाहन शिव तिथे आहे, १०११ सालचा, ब्राँझचा. पायावर पाय टाकून उभा. डोक्याला केसांचंच मुंडासं, त्यात साप गुंफलेले. एक हात कोपरात वाकवून सैल सोडलेला. मी चेहऱ्याकडे बघत राहिले असते. डॉक्टर मित्राने दंड दाखवला. "वजन कुठे पडलंय बघ. हा माणूस कशावर तरी रेललाय." तो रेललाय बैलावर, आणि बैल मूर्तीबरोबर राहिलेला नाही. मैत्रीण शेजारी तसाच पाय टाकून, तसाच हात धरून उभी राहिली, आणि क्षणात तिचा तोल गेला. बैलाशिवाय असं उभं राहताच येत नाही. मग आम्ही चौघेही त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलो. बैलाचं वशिंड कुठे असेल, मान कुठे वळली असेल, हे हळूहळू दिसायला लागलं. हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओतकाराला मनोमन हात जोडले.

सरस्वती महाल ग्रंथालयात डॉक्टरच बोलत होता. नायकांच्या काळी सुरू झालेला हा संग्रह सरफोजीराजांनी जिवापाड वाढवला. ताडपत्रं, मोडी दफ्तरं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी. त्या राजाने नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह करवून ठेवल्या होत्या, हे तो सांगत होता तेव्हा त्याचा आवाज कापरा झाला होता. रोग्याची नीट नोंद ठेवणं म्हणजे काय, हे त्याला रोज कळतं.

दुपारी केळीच्या पानावर सांबार-भात झाला. श्वार्ट्झच्या चर्चवरून नुसतेच गेलो. मान डोलवणाऱ्या बाहुल्या घेतल्या. वीणा करणाऱ्याच्या कारखान्यात फणसाच्या लाकडाचा भुसा घोट्यापर्यंत साचला होता. कारागीर काळ्या मेणात पितळी पडदा बसवायचा, तार छेडायचा, कान देऊन ऐकायचा, पडदा केसभर सरकवायचा. असे चोवीस पडदे. निघताना पुढचं ठिकाण कोणी काढलंच नाही.

रात्री कॉफी पिताना इतिहासवेड्याने तिरुवैयारूचा विषय काढला. जेमतेम तेरा किलोमीटर, कावेरीकाठी त्यागराजांची समाधी. डॉक्टर म्हणाला, उद्या झोपू या की जरा. मैत्रिणीने त्याला बोलूच दिलं नाही. पहिली बस किती वाजता सुटते ते विचारायला ती उठून गल्ल्यापाशी गेलीसुद्धा.