लाल दिवा लागला की कोण येतं?

फायबरचं कनेक्शन असलेल्या घरात भिंतीवर एक छोटा डबा असतो. त्यावरचा ‘लॉस’ नावाचा दिवा एरवी विझलेला असतो. तो लाल लुकलुकू लागला, की काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश घरापर्यंत पोचत नाही असं समजावं. अशा वेळी ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ या कॉल सेंटरच्या सल्ल्याने काही साधत नाही. वायर कुठेतरी तुटली आहे किंवा दुमडली आहे आणि ती बघायला माणूसच यावा लागतो. कनेक्शन घेताना 100 एमबीपीएस की 300, याची चौकशी सगळेच करतात. तो माणूस कोणाचा आणि किती लांबून येणार, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

बिलावर नाव मोठ्या कंपनीचं असलं, तरी गल्लीतली वायर पुष्कळदा स्थानिक केबलवाल्याच्या ताब्यात असते. नव्वदच्या दशकात ज्यांनी गच्चीवरून गच्चीवर टीव्हीची केबल टाकली, त्यांच्यापैकी अनेकांकडे आज फायबर आहे. कॉल सेंटरमधली व्यक्ती कुठल्या तरी दूरच्या शहरात बसून तक्रार नोंदवते. ती तक्रार फ्रँचायझीकडे जाते आणि तिथून लाइनमनच्या मोबाइलवर. लाइनमनच्या हाताशी स्प्लाइसिंग मशीन आहे का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. तंतूची दोन टोकं वितळवून एकजीव करणारं हे यंत्र स्वस्त नसतं. ते ऑपरेटरचं स्वतःचं असेल, तर सकाळी तुटलेली वायर संध्याकाळपर्यंत जोडली जाते. दुसऱ्याकडून मागवायचं असेल, तर दोन दिवस गेलेच म्हणून समजा.

म्हणून कंपनीच्या ॲपवरचे तारे मोजण्यापेक्षा इमारतीच्या वॉचमनला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारणं, माझ्या मते, जास्त उपयोगाचं आहे. प्रश्नही नेमका हवा. ‘सर्व्हिस कशी आहे?’ याला ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘जुलैत झाड पडलं तेव्हा नेट किती दिवस बंद होतं?’ असं विचारलं, की खरी हकीकत बाहेर येते. पावसाळ्याआधीची रस्तेखोदाई आणि गणपतीत मिरवणुकीच्या मार्गावर उतरवलेल्या वायरी, हेही परीक्षेचेच दिवस.

आणखी एक प्रश्न विक्रेत्याला विचारावा: फायबर थेट घरात येणार की इमारतीच्या मीटररूमपर्यंतच? थेट येणाऱ्या जाळ्यात वाटेत स्प्लिटर असतो. तो प्रकाशाची नुसती वाटणी करतो, त्याला वीज लागत नाही. जुन्या पद्धतीत मीटररूममध्ये स्विच असतो आणि तिथून तांब्याची केबल घराघरांत जाते. त्या स्विचला बॅकअप नसेल, तर तुमच्याकडे इन्व्हर्टर असूनही वीज गेली की नेट गेलं. या फरकाबद्दल विक्रेता गोंधळला, तर त्याच्या ‘चोवीस तास सपोर्ट’लाही फारसं वजन देऊ नये.

नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत, पण ते कागदावर पकडावे लागतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012 च्या नियमावलीनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर मिळाला पाहिजे. तक्रार सुटली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि त्याने 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. खुद्द ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिथे पत्रं पाठवणाऱ्यांचा वेळ वाया जातो. सेवेच्या दर्जाचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. त्यांत लँडलाइन-ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर भरपाईची तरतूद आहे. लाइनमनला व्हॉट्सॲपवर ‘दादा, नेट बंद आहे’ असं कळवणं सोयीचं खरं, आणि तो बिचारा येतोही. पण बिघाड किती दिवस चालला याची कंपनीकडे नोंद राहत नाही. दादाला कळवावंच, पण नंबरही घ्यावा. अगदी छोट्या इंटरनेट कंपन्यांना 2012 च्या नियमांतून सूट आहे, हेही गल्लीतल्या स्वस्त प्लॅनला भुलण्याआधी लक्षात घ्यावं.

ब्रिटनमध्ये ऑफकॉम या तिथल्या नियामकाने 1 एप्रिल 2019 पासून स्वयंचलित भरपाईची योजना आणली. सहभागी कंपनीने दोन पूर्ण कामकाजाच्या दिवसांत लाइन दुरुस्त केली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला तेव्हा 8 पौंड ग्राहकाच्या खात्यात आपोआप जमा होऊ लागले. आपल्याकडे भरपाई, माझ्या पाहण्यात तरी, मागितल्याशिवाय क्वचितच मिळते.

ग्राहक आयोगाचं दारही काही वर्षं जवळपास बंद होतं. 2009 च्या एका निकालानंतर टेलिकॉमच्या तक्रारी टेलिग्राफ कायद्याखालच्या लवादाकडेच न्याव्यात, असं मानलं जाई. 16 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाच्या प्रकरणात हा अडसर दूर केला. त्याला महिन्याचं बिल चोवीस हजारांवर आलं होतं. हाच न्याय ब्रॉडबँडलाही लागू पडतो. आयोगाकडे जाण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

पहिल्यांदा प्लॅन एका महिन्याचाच घ्यावा. वर्षाचे पैसे आगाऊ भरले की सवलत मिळते, पण कंपनी बदलण्याची धमकी पोकळ ठरते. पहिल्याच आठवड्यात एखाद्या किरकोळ गोष्टीसाठी, बिलावरच्या पत्त्यातल्या चुकीसाठी का होईना, कॉल सेंटरला फोन करून बघावा. माणूस किती वेळात लाइनवर येतो आणि डॉकेट नंबर न मागता देतो का, ते तेव्हाच कळतं. मोबाइलसारखी पोर्टिंगची सोय ब्रॉडबँडला नाही. त्यामुळे नवी लाइन चालू झाल्यावरच जुनी बंद करावी, आणि जुना डबा परत देताना त्यावरचा सीरियल नंबर टाकलेली पावती लिहून घ्यावी. अनामत रक्कम अडकते ती बहुधा या पावतीवाचूनच.